चार किलोची चिंगी, चाळीस किलोचे सवंगडी

वाचकाचं पत्र :

नमस्कार डॉक्टर,

मी बेळगावात टिळकवाडीत राहते, बँकेत नोकरीला आहे. येत्या एक तारखेपासून माझी बदली निपाणी शाखेत झाली आहे. सकाळी आठला घर सोडायचं, संध्याकाळी सातला परत. मिस्टर उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत, त्यांच्या तिन्ही शिफ्ट आठवड्याला बदलतात. आतापर्यंत सासूबाई घरी असायच्या, पण त्या नणंदेकडे पुण्याला गेल्यात आणि सहा महिने तरी येणार नाहीत. प्रश्न आमच्या चिंगीचा आहे. पामेरियन, वय तीन, वजन चार किलो, पिल्लं न होण्याचं ऑपरेशन केलेलं नाही. एकटी ठेवली की भुंकते. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी त्यावरून बोलूनही दाखवलं.

गावाबाहेर एका बंगल्यात कुत्र्यांचं डेकेअर निघालंय. आम्ही जाऊन बघून आलो. मोठं अंगण, एका बाजूला पत्र्याची शेड, आठ-दहा कुत्री एकत्र सोडलेली. दोन लॅब्रेडॉर, एक रॉटवायलर, एक मुधोळ, बाकी लहान-मोठी. मालक म्हणाले, "काय होत नाय ओ अक्का, सगळी मिळून खेळत्यात." मोबाइलवर कॅमेरा बघायची सोयसुद्धा देतात. मिस्टर म्हणतात ठेवूया. सासूबाई फोनवर म्हणतात, कुत्र्याला कसली बालवाडी! मला मात्र झोप लागेना झालीय. तिथं चिंगी सुरक्षित राहील का? आणि पावसाळ्यात गारठा असतो, तर स्वेटर घालून पाठवू का?

– चिंगीची आई, टिळकवाडी

उत्तर :

चिंगीच्या आई, नमस्कार.

आधी उत्तर देतो, मग कारणं. तुम्ही लिहिलंय त्या अंगणात, आहे त्या पद्धतीनं, चिंगीला ठेवू नका.

डेकेअर ही गोष्टच वाईट, असं मी म्हणत नाही. नवरा-बायको दोघं नोकरीला, म्हातारी माणसं पुण्या-बेंगळुरूला मुलांकडे, आणि कुत्रं फ्लॅटमध्ये एकटं, अशी घरं बेळगावात आता गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यासाठी नीट चालवलेलं डेकेअर ही मोठी सोय आहे. पण तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर मी अडलो. ‘आठ-दहा कुत्री एकत्र सोडलेली.’ बंगला किती छान, मालक किती प्रेमळ, फी किती, कॅमेरा आहे का नाही, हे सगळं त्या ओळीच्या नंतर.

चिंगी चार किलोची. रॉटवायलर चाळीसच्या पुढे, लॅब तीसच्या आसपास. माझी उभी नोकरी खानापूर-हुक्केरीकडे म्हशी-बैलांमागे गेली, त्यामुळे मला हिशेब जनावरांतच सुचतो. तुमचं वजन साठ किलो धरा आणि सहाशे किलोची म्हैस लाडानं तुमच्या अंगावर आली असं समजा. म्हशीच्या मनात काही वाकडं नसतं. तुमच्या बरगड्यांना त्याचं काय? पामेरियनचे पुढचे पाय काडीसारखे बारीक, गुडघ्याची वाटी सरकायची या जातीला मुळातच खोड. लॅबनं खेळता खेळता पाठीवर नुसता पंजा टाकला तरी पुरतो.

हे झालं प्रेमाचं. आता दुसरं. मोठं कुत्रं लहानाला धरतं तेव्हा नुसतं चावत नाही, तोंडात धरून झटकतं. वर कातडीला दोन बारीक भोकं दिसतात आणि आत मांस कातडीपासून सुटलेलं असतं, बरगडी मोडलेली असते, कधी फुप्फुसाला इजा झालेली असते. पामेरियनच्या दाट केसांत ती दोन भोकंसुद्धा दिसत नाहीत. कुत्रं घरी येतं, कोपऱ्यात बसतं, आणि घरचे म्हणतात आज दमली वाटतं. म्हणून हे आत्ताच लक्षात ठेवा. मोठ्या कुत्र्यानं धरलं असं नुसतं कानावर आलं, तरी जखम दिसो न दिसो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. केस भादरून बघावं लागतं, बहुतेक वेळा एक्स-रे काढावा लागतो.

आणि यासाठी भांडणच व्हायला लागतं असं नाही. मालक म्हणाले सगळी मिळून खेळतात, ते खरंच असेल. पण लहान कुत्रं खेळात दुखावलं, किंचाळलं आणि पळत सुटलं, की मोठ्या कुत्र्याच्या डोक्यात खेळ संपतो आणि शिकार सुरू होते. हे क्षणात होतं. एक मागे लागलं की बाकीची लागतात. सकाळी जिच्या अंगाला अंग लावून झोपलं तिच्याच मागे दुपारी धावणारं कुत्रं दुष्ट नसतं, ते कुत्रं असतं.

त्यात तुम्ही मुधोळ म्हणालात. ही जात आपल्या भागाचा अभिमान आहे. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ, तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी तिला नाव मिळवून दिलं, मालोजीराव घोरपड्यांनी ती विलायतेच्या राजापर्यंत पोचवली, 2005 साली पोस्टानं तिच्यावर तिकीट काढलं. सगळं खरं. पण ही कुत्री शतकानुशतकं कशासाठी पाळली गेली? लांबवर काहीतरी लहान, केसाळ, चपळ पळताना दिसलं की नजर लावून त्याच्यामागे सुटायचं आणि धरायचं. सशामागे. तुमची चिंगी अंगणात तुरुतुरु पळताना लांबून कशी दिसत असेल, ते मी लिहायला नको. एखादं मुधोळ घरच्या मांजराशीही गुण्यागोविंदानं राहतं, लहानपणापासून सवय असली की. पण अनोळखी पामेरियनसोबत, मोकळ्या अंगणात, इतर कुत्र्यांच्या गलक्यात? मी तरी ती परीक्षा घेणार नाही.

तेव्हा पहिली अट ही. लहान कुत्र्यांची जागा वेगळी पाहिजे. वेगळी म्हणजे मधे भिंत, किंवा खालून अर्धी उंची तरी पत्रा-फळीनं बंद केलेली जाळी. नुसती उघडी जाळी असली की दोन्हीकडची कुत्री दिवसभर जाळीला तोंड लावून एकमेकांवर गुरगुरत बसतात. "पाहिजे तर बांधून ठेवू," असं कुणी म्हणालं तर ते बिलकुल नको; बांधलेल्या लहान कुत्र्याला पळताही येत नाही. आणि लहानांच्या जागेतही वजन हाच एक निकष नको. आठ किलोचा दांडगट पग चिंगीच्या उरावर दिवसभर चढत असेल तर तोही त्रासच. पण ते पुढचं.

मालकांना हे सरळ विचारा. नवीन धंदा आहे, शिकायची तयारी असेल, अंगण मोठं आहे म्हणताय तर मधे भिंत घालायला जागाही आहे. "तुम्ही लहान कुत्र्यांचं वेगळं केलंत तर आमची येईल," असं गिऱ्हाइकानं सांगितलं की बरंच काही होतं. हसण्यावारी नेलं, तर तिथंच विषय संपला.

समजा त्यांनी वेगळी सोय केली, किंवा तुम्हाला दुसरीकडे तशी जागा मिळाली. मग परत एकदा बघायला जा, पण ते बोलावतील त्या वेळी नको. दुपारी एक ते तीनमध्ये जा. सकाळी मालक स्वतः हजर असतो, सगळं झाडून-पुसून झालेलं असतं. दुपारी एक पोरगा जेवायला गेलेला असतो, दुसरा शेडच्या सावलीत मोबाइल बघत असतो. कुत्र्यांची भांडणं याच वेळी होतात. त्या वेळी अंगणात, कुत्र्यांच्या मधे, उभा राहिलेला माणूस दिसतो का ते बघा. ऑफिसात बसून काचेतून बघणारा धरू नका. या धंद्यात साधारण दहा ते पंधरा कुत्र्यांमागे एक माणूस ही वरची मर्यादा मानतात. माझ्या मते नवखी कुत्री असतील तर तीही जास्तच आहे. आणि तो माणूस काठी हातात घेऊन फिरत असेल, तर चहासुद्धा न घेता परत या.

त्याच फेरीत एक गोष्ट करून बघायला सांगा, म्हणजे त्या पोराला किती कळतं तेही समजेल. अंगणात एक कुत्रं दुसऱ्याच्या मागे धावत असेल, तर धावणाऱ्याला दोन मिनिटं धरून ठेवायचं आणि पळणाऱ्याकडे बघायचं. ते परत वळून आलं, पुढचे पाय टेकून बूड वर करून उभं राहिलं, ‘सोड की त्याला’ म्हटल्यासारखं, तर तो खेळ होता. ते संधी साधून शेडमागे, माणसाच्या पायात, पिंपाआड जाऊन बसलं, तर तो खेळ नव्हताच. चांगल्या ठिकाणचा पोरगा हे न सांगता करतो. आणि शेपूट हलतेय म्हणजे खूश, हे डोक्यातून काढा. शेपूट वर ताठ ठेवून नुसतं टोक थरथरत असेल तर ते भांडणाच्या तयारीत असतं. पामेरियनची शेपूट तर पाठीवर वळलेलीच, तिच्यावरून काय कळणार! तिचे कान, डोळे, तोंड बघायचं. सारखी ओठांवरून जीभ फिरवणं, झोप नसताना जांभया, डोळ्याचा पांढरा भाग कडेला दिसणं, ही घाबरल्याची खूण.

आता गेट. सगळे कुत्र्यांच्या दातांना भितात, गेटकडे कुणी बघत नाही. बंगल्याचं लोखंडी गेट गाडी आत घेण्यासाठी केलेलं असतं, खालची फट वीतभर. लॅबला तिथून जाता येत नाही म्हणून मालकाच्या ते लक्षातही येत नाही. चार किलोचं कुत्रं फटाका वाजला की त्या फटीतून सरपटत बाहेर, आणि बाहेर हायवे नाहीतर भटक्या कुत्र्यांची टोळी. ग्रिलच्या सळ्यांतलं अंतरही बघा. चिंगीचं डोकं मावलं की चिंगी मावली, केसांचा फुगारा धरू नका. गेट दुहेरी पाहिजे, म्हणजे पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आपल्याकडे शिवजयंतीच्या चित्ररथाच्या रात्री आणि गणपती विसर्जनाच्या दिवशी जे आवाज असतात, त्या दिवसांत तिला डेकेअरला पाठवूच नका. त्या दिवशी सुट्टी टाका, नाहीतर तिला आतल्या खोलीत दार लावून घरीच ठेवा.

फरशीही बघा. गुळगुळीत टाइल्सवर, त्यातून पावसात, पामेरियनचे पाय फाकतात आणि गुडघे जातात. खरखरीत फरशी किंवा रबरी मॅट बरी. शेड पत्र्याची म्हणालात. पावसात चालेल, पण एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्र्याखाली उभं राहून बघा. दाट केसांच्या आणि चपट्या नाकाच्या कुत्र्यांना ती भट्टी जिवावर बेतू शकते. पंखा, आत पक्की खोली, आणि दुपारी दोन-तीन तास सगळ्यांना वेगवेगळं निजवायची पद्धत आहे का, ते विचारा. पूर्ण वाढीचं कुत्रं दिवसाचे बारा-चौदा तास झोपतं. "आमच्याकडे दिवसभर खेळ" ही जाहिरात मला तरी धोक्याची वाटते. दमलेली कुत्री पोरांसारखीच चिडतात. खाणं प्रत्येकाचं वेगळ्या खोलीत, वेगळ्या ताटलीत. यात तडजोड नाही.

आजाराचं थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्या पावसाशी त्याचा संबंध आहे. चिंगीचं लसीचं कार्ड काढून बघा. रेबीजची आणि वर्षाची एकत्रित लस, जिला सगळे नाइन-इन-वन किंवा सेव्हन-इन-वन म्हणतात, त्या चालू आहेत का? त्यातला लेप्टोस्पायरोसिसचा भाग इथं महत्त्वाचा. हा रोग उंदराच्या मुतातून पसरतो आणि साचलेल्या पाण्यात, ओल्या मातीत टिकतो. जून ते सप्टेंबर बेळगावात अंगणं सुकतच नाहीत. गावाबाहेरचा बंगला, शेजारी शेत, शेडमध्ये कुत्र्यांच्या खाद्याची पोती, म्हणजे उंदीर आलेच. मूत्रपिंड आणि यकृत दोन्हीवर जाणारा रोग आहे आणि माणसालाही होतो. ही लस वर्षाच्या वर टिकत नाही, तारीख उलटली असेल तर एकट्या त्या कारणानं पाठवू नका. खाद्य कशात ठेवतात, पाण्याची भांडी रोज घासतात का, अंगणात डबकी साचतात का, हे नाक खुपसून बघा.

दुसरी केनल कफची लस. ती नेहमीच्या इंजेक्शनात पुरेशी येत नाही, बहुतेक नाकात थेंब टाकून देतात. कुत्री जिथं जमतात तिथं हा खोकला येतोच, आणि पामेरियनची श्वासनळी मुळातच नाजूक, कोरड्या खोकल्यानं बसकी व्हायला वेळ लागत नाही. पाठवायच्या किमान दोन आठवडे आधी टाकून घ्या. म्हणजे तुमची एक तारीख जवळ असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा. गोचीड हा तिसरा. गोचीडतापानं आपल्याकडे बरीच कुत्री जातात. महिन्याचा थेंब किंवा गोळी चुकवायची नाही, आणि संध्याकाळी घरी आली की कानाच्या आत, मानेखाली, बोटांच्या मधे हात फिरवायचा.

पण तुमच्या चिंगीची लस पूर्ण असून भागत नाही, तिथल्या प्रत्येक कुत्र्याची पाहिजे. मालकांना म्हणा, तुमच्याकडे येणाऱ्या कुत्र्यांची कार्डं बघायला मिळतील का? फाइल काढून समोर ठेवली तर चांगलं ठिकाण. "सगळ्यांची झालीयत ओ" एवढंच उत्तर आलं तर नाही. त्यांनी तुमच्याकडे चिंगीचं कार्डच मागितलं नसेल, तर तेवढ्यावरूनच काय ते समजा. लसी अपुऱ्या असलेलं पिल्लू आत घेत असतील तरीही नाही. पार्वो या जीवघेण्या जुलाबाच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन् महिने जिवंत राहतो.

ऑपरेशनचं तुम्ही सहज लिहून गेलात, पण हा मुद्दा सहज नाही. चिंगी साधारण सहा महिन्यांनी माजावर येणार, दर वेळी दोन-तीन आठवडे. त्या काळात तिला जिथं नर कुत्री आहेत तिथं पाठवायचंच नाही, कुणी काहीही सांगो. नरांमधली भांडणंही तेव्हाच पेटतात, आणि चार किलोच्या मादीला मोठ्या नराचा गर्भ राहिला तर पिल्लं अडून जिवाशी खेळ होतो. पुढे पिल्लं नको असतील तर ऑपरेशन करून घ्या. गर्भाशयात पू होण्याचा धोकाही त्यानं जातो. सासूबाई विरोध करतील, मला माहीत आहे. "तिला एकदा तरी आई होऊ दे" हे वाक्य मी प्रत्येक घरात ऐकलंय. एकदा पिल्लं झाल्यानं मादीची तब्येत सुधारते, याला काही आधार नाही.

कॅमेऱ्याचं काय? असावा. पण तुम्ही निपाणीत काउंटरवर बसून तो किती वेळ बघणार, आणि बघितलंत तरी सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवरून काय करणार? कॅमेऱ्यात चावा दिसतो, थांबत नाही. त्यापेक्षा काही झालं तर कुठल्या डॉक्टरांकडे नेणार, कुणाच्या गाडीतून, तुमचा फोन लागला नाही तर उपचाराला होकार कोण देणार, बिल कोण भरणार, हे एका कागदावर लिहून दोघांनी सही करा. फोनमध्ये मिस्टरांचा नंबर पहिला द्या, ते पंधरा मिनिटांत पोचू शकतात. रेबीजचंही त्यात घाला. तिला कुत्रं चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि लस झालेली असली तरी डॉक्टरांना विचारून पुढचे डोस घ्यायचे. सोडवायला गेलेल्या पोराला चावलं तरी तेच, त्यानं दवाखान्यात जायलाच पाहिजे. त्यालाही आई आहे.

तिथली पोरं बहुतेक कन्नड बोलणारी असतील. चिंगी कुठल्या शब्दाला थांबते, कुठल्या हाकेला येते, ते त्यांना करून दाखवा. हाक मारली आणि ती आली, हे त्यांच्या तोंडून झालं पाहिजे, तुमच्या नाही.

आता एवढं सगळं वाचून तुम्ही म्हणाल, मग मी करू काय? इथं मला तुमच्या पत्रातली दुसरी एक ओळ महत्त्वाची वाटते. मिस्टरांच्या शिफ्ट. तुम्ही अकरा तासांचा विचार करताय, पण चिंगी रोज अकरा तास एकटी पडतच नाही. त्यांची पहिली शिफ्ट सात ते तीन असेल तर ते साडेतीनला घरी, म्हणजे चिंगी आठ ते साडेतीन एकटी. दुसरी शिफ्ट असेल तर ते दोन-अडीचपर्यंत घरी, मग सातपर्यंतचे साडेचार तास उरतात. रात्रपाळीच्या आठवड्यात तर माणूस दिवसभर घरातच झोपलेला. तीन वर्षांचं कुत्रं चार-साडेचार तास आरामात राहतं. खरी अडचण फक्त पहिल्या शिफ्टच्या आठवड्याची, तीन आठवड्यांतून एक. त्या आठवड्यात दुपारी बारा-एकला कुणी येऊन दार उघडून, तिला खाली फिरवून, पाणी बदलून गेलं की झालं.

आणि ते कुणी म्हणजे कोण? मी असतो तर खालच्या मजल्यावरच्या काकूंनाच विचारलं असतं. त्या दिवसभर घरी असतात, म्हणून तर त्यांना भुंकणं ऐकू येतं. तक्रार करणारा माणूस बऱ्याचदा ‘मला कुणी विचारलंच नाही’ म्हणून तक्रार करत असतो. चिंगीला घेऊन जा, त्यांच्या हातून चार दिवस खायला घाला, आणि मग विचारा. कामाचे पैसे देऊ करा, त्या घेणार नाहीत, तरी द्या. त्यांना कुत्र्याची भीतीच असेल तर गोष्ट वेगळी. मग शेजारचा एखादा कॉलेजचा पोरगा बघा.

त्याआधी एक करा. एखाद्या सुट्टीला दोघंही बाहेर पडा आणि जुना मोबाइल रेकॉर्डिंगला लावून जा. ती पहिली वीस मिनिटं भुंकून झोपते, की गॅलरीतून कुणी दिसलं की भुंकते, की तासन् तास रडते, दार खरवडते, घरात घाण करते? पहिल्या दोन्हींना उपाय सोपे आहेत. गॅलरीचं दार बंद, पडदा ओढलेला, रेडिओ बारीक चालू, जाताना कुरतडायला काहीतरी, आणि निघताना गळ्यात पडून निरोप घेणं बंद. तिसरं असेल तर तो एकटेपणाचा खरा आजार आहे, त्याला डॉक्टरांचा सल्ला लागेल. अशा घाबरट कुत्र्याला दहा अनोळखी कुत्र्यांत सोडणं म्हणजे उपाय नव्हे.

चांगली, वेगळ्या सोयीची जागा मिळालीच तर ती पहिल्या शिफ्टच्या आठवड्यापुरती धरा, तीही रोज नको. आणि सुरुवात एक तारखेला करू नका. आधी रजा घेऊन पहिल्या दिवशी अर्धा तास, तुम्ही बाहेर गाडीत बसून. मग दोन तास. मग अर्धा दिवस. पहिल्या दिवशी तिला एकाच शांत कुत्र्याशी ओळख करून द्यायला सांगा, सगळ्या कळपात नेऊन सोडायचं नाही. तुम्ही तिला कडेवर घेऊन कुत्र्यांच्या मधे उभ्या राहू नका. वर धरलेल्या लहान कुत्र्यावर बाकीची उड्या मारतात, आणि ओढाताणीत तुम्हालाच लागेल. गेटवर पोराच्या हातात द्यायची आणि मागे वळायचं.

नंतर आठ-पंधरा दिवस तिच्याकडे बघा. संध्याकाळी दमून झोपली, दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी उठली, गाडीत आपणहून चढली, तर ठीक. जुलाब लागले, आवाज बसला, गाडी त्या रस्त्याला वळली की सीटखाली घुसायला लागली, घरी आल्यावर हात लावला की दचकायला लागली, तर फी भरलीय म्हणून पाठवत बसू नका. काही कुत्र्यांना कळपच आवडत नाही. तीन वर्षं सासूबाईंच्या मांडीवर वाढलेली पामेरियन त्यातली निघाली तर मला आश्चर्य वाटणार नाही. सासूबाईंची बालवाडीची थट्टा त्या अर्थानं अगदीच चूक नाही, हे त्यांना माझं नाव सांगून खुशाल कळवा.

स्वेटरचं राहिलं. घालू नका. खेळताना दुसऱ्या कुत्र्याचा दात किंवा पंजा लोकरीत अडकतो, दोघंही घाबरून ओढतात आणि तिथून भांडण पेटतं. घुंगरांचा पट्टाही नको, हार्नेस, म्हणजे छातीवरून बांधायचा पट्टा, तोही आत गेल्यावर काढायला सांगा. गाडीपासून गेटपर्यंत मात्र हार्नेसच, गळपट्ट्याला दोरी लावून ओढू नका, श्वासनळीचं वर लिहिलंच आहे. आत गळ्यात ओढ बसली की आपोआप सुटणारा हलका पट्टा आणि त्यावर तुमचा नंबर, एवढंच. गारठ्याला पामेरियनचे केस पुरेसे आहेत, फक्त ते ओले राहता कामा नयेत. दोन जुने टॉवेल तिचं नाव घालून पाठवा आणि पोट, बगला आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करून द्यायला सांगा.